लवकर आलेला होकार

"एका दिवसात होकार आला, ताई. म्हणजे त्यांनी वाचलंच नसणार ना?" एवढे बोलून त्या बाई जिना उतरून गेल्या आणि त्यांचे ते वाक्य माझ्यापाशी राहिले. नाशिकच्या सराफ बाजाराच्या मागे, एका जुन्या वाड्याच्या माडीवर माझ्या एका स्नेह्यांचे छोटे प्रकाशन आहे. वर्षाकाठी मोजकी पुस्तके निघतात, त्यांत कवितासंग्रह एखादाच. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे येणारी कवितांची हस्तलिखिते मी वाचून देते. बाई सिडकोतून आल्या होत्या. पिशवीतून त्यांनी स्पायरल बायंडिंग केलेली प्रत काढली, टेबलावर ठेवली, आणि ठेवल्यावरही थोडा वेळ तिच्यावरचा हात उचलला नाही. पहिल्या पानावर शीर्षक होते आणि त्याखाली नुसते नाव. आडनाव नाही, पत्ता नाही, फोन नाही. स्नेह्यांनी नंबर मागितला तेव्हा त्या म्हणाल्या, "नको सर, मीच येईन विचारायला." बोलण्याच्या ओघात कळले की हेच हस्तलिखित त्यांनी आधी दुसऱ्या एका प्रकाशनाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते आणि दुसऱ्याच दिवशी अभिनंदनाचा निरोप आला होता. संग्रह स्वीकारला आहे, इतक्या प्रती, इतके पैसे, मुखपृष्ठ त्यातच धरलेले, प्रकाशन समारंभाचा खर्च वेगळा. पैशांची व्यवस्था त्या करू शकल्या असत्या, असे त्यांच्या बोलण्यावरून वाटले. पण त्या थांबल्या, आणि प्रत घेऊन आमचा जिना चढून आल्या.

नकाराने दुखावलेली माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. होकाराने दुखावलेले माणूस प्रथमच पाहत होते.

आमच्याकडे हस्तलिखितांचे कपाट जमिनीपासून बरेच वर, छताजवळ आहे. २०१६ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला आणि पाणी बाजारपेठेत शिरले, तेव्हा खाली ठेवलेले कागदांचे रीम आणि बांधून ठेवलेली पुस्तके भिजली; तेव्हापासून स्नेह्यांनी कवींच्या प्रती खाली ठेवणे बंद केले. प्रत काढायची तर स्टुलावर चढावे लागते. तिथे नाना तऱ्हा आहेत. दोनशे पानी वहीत निळ्या शाईने लिहिलेल्या कविता आहेत, एका बाजूने वापरलेल्या कार्यालयीन कागदांच्या पाठीवर टंकलेल्या आहेत, आणि सोनेरी अक्षरांचे कव्हर घालून पुस्तकासारख्याच दिसणाऱ्या प्रतीही आहेत. काहींच्या सुरुवातीला लांबलचक मनोगत असते, त्यानंतर तितकीच लांब ऋणनिर्देशांची यादी, आणि पहिली कविता गाठेपर्यंत वाचणारा थकलेला असतो. काहींना कुणा मोठ्या माणसाची प्रस्तावना आधीच जोडलेली असते. हस्तलिखित अजून स्वीकारलेले नाही, क्रम ठरलेला नाही, आणि प्रस्तावना मात्र तयार आहे, हे पाहिले की मला त्या कवीबद्दल काळजी वाटते. कविता वाचण्याआधी तिच्याबद्दल कुणीतरी चांगले बोललेले असावे, ही गरज कुठून येते ते मला चांगले समजते, कारण कविता लिहिणाऱ्याच्या घरात त्याची कविता वाचायला मागणारे बहुधा कुणी नसते.

बाईंची प्रत मी घरी आणली. निळे प्लॅस्टिकचे कव्हर, ए-फोर कागद, आणि कोपऱ्यावरच्या डीटीपीच्या दुकानात घाईने केलेले टंकन. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये मजकूर नेताना जे होते ते तिथे झालेले होते. रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसले होते आणि जोडाक्षरांचे पाय तुटले होते. प्रत्येक चूक बाईंनी पेन्सिलीने, बारीक आणि वळणदार अक्षरात दुरुस्त केली होती. एका पानापाशी माझे बोट थांबले. कवितेच्या शेवटच्या ओळीवर व्हाइटनर लावलेला होता, त्यावर दुसरी ओळ लिहिलेली होती, तीही पुन्हा पांढरी केली होती आणि त्यावर तिसरी होती. कागदाचा तेवढा भाग जाड आणि खरखरीत झाला होता. कविता घरातल्या भांड्यांवर घातलेल्या नावांची होती. माहेरून आलेल्या पातेल्यावर माहेरचे नाव, लग्नात आलेल्या डब्यांवर आहेर करणाऱ्यांची नावे आणि तारखा, सासूबाईंच्या तांब्यावर सासऱ्यांचे नाव, आणि पातेल्यावरच्या नावाच्या, घासून घासून पुसट झालेल्या ठिपक्यांवर सुनेचे बोट : "हे कोण?" तिथे कविता थबकते. प्रश्न ज्या नावाबद्दल आहे ते नाव विचारल्या गेलेल्या बाईचेच आहे, हे वाचणाऱ्याला कळते आणि अंगावर येते. त्यानंतर मात्र चार ओळी त्या क्षणाचा अर्थ सांगत बसतात. स्त्रीची ओळख, परकेपण, वगैरे. बाईंना त्या ओळी खुपत होत्या, म्हणूनच शेवटच्या ओळीवर पांढऱ्या रंगाचे थर चढले होते. त्यांनी ओळ तीनदा बदलली होती. त्या चारही ओळी काढता येतील, हे त्यांना सांगणारे कुणी भेटले नव्हते.

पहिल्या पानावर आडनाव का नव्हते ते मला त्या कवितेपाशी उमगले. निदान उमगले असे वाटले.

कवितांचे हस्तलिखित वाचणे हे कादंबरी वाचण्याहून अवघड काम आहे, असे माझे मत होत गेले आहे. कादंबरीत वाचणाऱ्याला पुढे नेणारे काहीतरी असते. इथे प्रत्येक पानावर नव्याने उभे राहावे लागते, आणि तरीही शेवटी सगळे मिळून एक काही झाले का, हे पाहावे लागते. पहिल्या वाचनात मी पेन्सिल हातात घेत नाही. दुसऱ्या वाचनात क्रम पाहते. बहुतेक जण कविता विषयवार लावतात. आईच्या एकत्र, पावसाच्या एकत्र, मातीच्या एकत्र, आणि नाशिकचा कवी असेल तर गोदामाईची एक हमखास. अशा गठ्ठ्यात चांगली कवितासुद्धा शेजारणीमुळे फिकी पडते, कारण लागोपाठ आलेल्या तीन पावसांत चौथा पाऊस ऐकू येत नाही. तिसऱ्या वाचनात मी ओळी मोजते. ए-फोर कागदावर ऐसपैस बसलेली ओळ डेमी आकाराच्या, साडेपाच बाय साडेआठ इंचाच्या पानावर मावत नाही. ती मोडते आणि तिचे शेवटचे दोन शब्द खालच्या ओळीत जाऊन पडतात. कवीने जिथे श्वास घेतला तिथे तो राहत नाही, भलतीकडेच जातो. कडवे जर पानाच्या तळाशी संपले, तर पुढच्या पानावर नवे कडवे आहे की तेच चालू आहे, हे वाचकाला कळण्याचा मार्ग उरत नाही. हे सगळे प्रुफात येण्याआधी कुणीतरी पाहावे लागते. एका दिवसात ते पाहून होत नाही, इतके मी खात्रीने सांगू शकते.

खिळ्यांच्या, म्हणजे धातूची सुटी अक्षरे जुळवून छापणाऱ्या छापखान्यात, निदान ती अक्षरे जुळवणारा जुळारी वाचत असे. माझ्या लहानपणी रविवार कारंजाच्या बाजूला गल्ल्यांतून छोटे छापखाने होते. शाईचा आणि रॉकेलचा वास रस्त्यापर्यंत येई आणि ट्रेडल मशीनचा ठेका दुपारभर ऐकू येई. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके आणि अधूनमधून एखादा कवितासंग्रह. जुळाऱ्याला कविता आवडो न आवडो, तिचे एकेक अक्षर त्याच्या चिमटीतून जात असे. उलटे अक्षर पाहून सुलटे वाचण्याची त्याची नजर लेखकाच्या शुद्धलेखनापेक्षा पुष्कळदा पक्की असे. पुढे ऑफसेट आले तरी आवृत्ती काढायची म्हणजे कागद घ्यावा लागे, प्लेटा कराव्या लागत आणि हजार प्रतींचा पैसा अडकून पडे. हा पैसा प्रकाशकाचा असेल तेव्हा तो घालण्याआधी त्याला हस्तलिखित वाचणे भागच होते. आता पन्नास प्रतीही छापता येतात, फाइल थेट यंत्रात जाते, आणि खर्च कवीने उचललेला असेल तर प्रकाशकाचे काहीच अडकत नाही. म्हणून वाचण्याचे कारणही उरत नाही. पुस्तक निघते, त्याला आयएसबीएन असतो, पाठराखणीचा मजकूर असतो, समारंभात शाल-श्रीफळ होते, आणि या साऱ्या प्रवासात एकाही माणसाने ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेले नसते. बाईंनी दारात उभ्या उभ्या हेच ओळखले होते.

त्यावरून मला कुसुमाग्रजांच्या 'विशाखा' या कवितासंग्रहाची गोष्ट आठवत राहिली. नाशकात ती सर्वांना ठाऊक आहे. २७ फेब्रुवारीला आम्ही कुसुमाग्रजांचा जन्मदिवस मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा करतो तेव्हा कुणी ना कुणी ती सांगतेच. १९४२ साली वि. स. खांडेकरांनी तो संग्रह स्वतःच्या खर्चाने काढला आणि त्याला प्रस्तावना लिहिली. आपण ही गोष्ट सांगतो ती बहुधा थोरांच्या मोठ्या मनाची म्हणून. मला तिच्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी खांडेकरांनी कविता वाचल्या. मग पैसे वाचणाऱ्याच्या खिशातून गेले, आणि प्रस्तावना आली तीही वाचल्यानंतर, त्याच माणसाच्या हातची. कवी तेव्हा तिशीत होता, आणि त्याच वर्षी अत्र्यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन नाशकात भरले होते. त्या गर्दीत किती कवी आपापल्या वह्या घेऊन आले असतील, आणि त्यांतल्या कितींना असा एक वाचणारा मिळाला असेल, हे मनात आल्यावाचून राहत नाही. २०२१ च्या डिसेंबरात नाशिकच्या आडगावला संमेलन भरले तेव्हाही मला हेच जाणवले. कविता ऐकवण्याच्या जागा आपल्याकडे पुष्कळ झाल्या आहेत. कोजागरी असो, वर्धापनदिन असो, एखाद्या पतसंस्थेचा कार्यक्रम असो, कविसंमेलन असतेच, आणि टाळ्याही मिळतात. पण कागदावरची कविता एकट्याने बसून वाचणारा, तिसऱ्या ओळीपाशी अडणारा आणि का अडलो ते लिहून कळवणारा माणूस दुर्मीळच राहिला आहे. धुळ्याहून १९८५ पासून निघालेल्या 'कवितारती' या कवितेच्या नियतकालिकाने हे काम केले, म्हणून खानदेशापासून नाशिकपर्यंतच्या किती तरी कवींना आपली कविता कुठे उभी आहे ते कळले.

माझ्या स्नेह्यांची बाजू मी इथे मांडली नाही तर लेख अपुरा राहील. त्यांचे प्रेम कवितेवर आहे आणि देणे कागदवाल्याचे आहे. शहाण्णव पानांचा संग्रह म्हणजे सोळा पानी सहा फॉर्म. त्याचा कागद, छपाई, बांधणी, मुखपृष्ठ. विक्रेत्याला तीस-चाळीस टक्के सूट द्यावी लागते आणि तरीही कवितेची पुस्तके दुकानात मागच्या फळीवर जातात. ग्रंथालयांच्या खरेदीचा भरवसा नाही. डाकेने पाठवायचे तर डिसेंबर २०२४ मध्ये रजिस्टर्ड बुकपोस्टची सोय बंद झाली, आणि २०२५ मध्ये रजिस्टर्ड टपालच स्पीड पोस्टात विलीन झाले. दीडशे रुपयांच्या पुस्तकावर टपालखर्च चढला की मागणारा दोनदा विचार करतो. पहिले पुस्तक असेल तर राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेकडे हस्तलिखित पाठवता येते, तिथे ते परीक्षक वाचतात. पण तिथे प्रतीक्षा आहे आणि अर्ज करायला धीर लागतो. म्हणून स्नेहीही कधीकधी कवीला विचारतात, शंभर प्रती तुम्ही घ्याल का? आधी वाचून, पसंत करून, मग विचारतात, हा फरक आहे. तो फरक मोठा आहे असे मी मानते. तरी ते विचारत असताना मी खिडकीकडे पाहते, हेही खरे आहे.

लहान प्रकाशनाकडे पैसा नसतो, पण वेळ असू शकतो. अशोक शहाणे यांच्या 'प्रास प्रकाशना'ने अरुण कोलटकरांचा पहिला मराठी संग्रह १९७७ साली काढला तेव्हा कवीने चाळिशी ओलांडली होती आणि त्याच्या कविता लघुनियतकालिकांतून कित्येक वर्षे येत होत्या. पुढचे मराठी संग्रह त्याच घरातून आले ते पाव शतकानंतर, आणि त्यांतल्या 'भिजकी वही'ला २००५ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला तेव्हा कोलटकर हयात नव्हते. मोठ्या संस्थेच्या हिशेबाच्या वहीत अशी पंचवीस वर्षे बसत नाहीत. एका माणसाच्या विश्वासात ती बसली. आमच्या माडीवर तशी प्रतिभा रोज येते असे मला मुळीच म्हणायचे नाही. येते ते बहुतेक साधे असते, आणि त्यातले थोडे चांगले असते. पण साध्यालाही नीट वाचून उत्तर मिळायला हवे.

पूर्वी कवी हस्तलिखितासोबत स्वतःचा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट जोडत. ते तिकीट नाशिकरोडच्या छापखान्यात छापलेले असे. १९२५-२६ पासून देशभरची टपाल तिकिटे तिथे निघत आली आहेत. त्या पाकिटामुळे संपादकावर एक बंधन येई, कारण ते समोर पडलेले असले की उत्तर द्यावेच लागे. माझ्या वडिलांकडे अशी परत आलेली पाकिटे एका पत्र्याच्या पेटीत होती. एकात फक्त छापील 'साभार परत' होते. दुसऱ्यात मात्र संपादकाने एका ओळीत लिहिले होते की तिसऱ्या कवितेतली विहीर खरी वाटते, बाकीच्या कवितांतली वाटत नाही. वडिलांचे पुस्तक कधी निघाले नाही, पण ते पत्र त्यांनी आम्हा भावंडांना कितीदा तरी वाचून दाखवले, आणि दर वेळी त्यांचा चेहरा उजळत असे. लहानपणी मला त्याचे नवल वाटे, कारण पत्रात नकारच होता.

बाई पुन्हा आल्या तेव्हा श्रावणातली झड लागली होती. छत्री जिन्यातच ठेवून त्या वर आल्या आणि बसण्याआधीच त्यांनी विचारले, "पूर्ण वाचलंत?" मी हो म्हटले आणि माझे टिपणांचे कागद त्यांच्यापुढे ठेवले. पुस्तक निघेल की नाही, हे त्यांनी विचारलेच नाही. प्रत्येक पानावर मी काय लिहिले आहे ते त्या सावकाश वाचत गेल्या. भांड्यांच्या कवितेपाशी, शेवटच्या चार ओळींभोवती मी पेन्सिलीने कंस केला होता. त्यांनी ओठांतल्या ओठांत कविता पहिल्यापासून म्हणून पाहिली, "हे कोण?" पाशी थांबल्या, आणि पर्समधून पेन काढून त्या चारही ओळींवर स्वतःच तिरपी रेघ मारली. त्यांच्या चेहऱ्यावर मोकळे झाल्याचा आनंद होता असे लिहिले तर ते सोपे होईल. थोडा आनंद होता, थोडे दुःखही होते. त्या ओळींवर त्यांनी पुष्कळ रात्री घालवल्या होत्या.

महिला दिनासाठी लिहिलेली एक कविता मात्र काढायला त्या तयार झाल्या नाहीत. मी सांगितले की ती भाषणासारखी झाली आहे, तिच्यातले शब्द त्यांचे नाहीत, आणि भांड्यांच्या कवितेशेजारी ती उघडी पडते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. "ताई, ती कविता मी आमच्या गल्लीतल्या बायकांसमोर वाचली होती. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नावाने कुणी मला हाक मारली, ती त्या दिवशी. ती राहू द्या." माझे मत अजूनही बदललेले नाही, संग्रहात ती कविता कमजोरच ठरेल. पण संग्रह त्यांचा आहे, आणि वाचणाऱ्याचा अधिकार कुठे संपतो हे त्या दिवशी मला त्यांच्यासमोर बसून ठरवावे लागले. कविता राहिली आहे. तिची जागा मात्र आम्ही दोघींनी मिळून बदलली. ती आता शेवटाकडे, एका अगदी छोट्या कवितेनंतर येते, आणि तिथे ती पूर्वीइतकी मोठ्याने बोलत नाही.

स्नेह्यांनी संग्रह स्वीकारला आहे. नवलेखक अनुदानासाठी थांबायचे की प्रकाशनपूर्व सवलतीत नोंदणी करून पैसे उभे करायचे, यावर आमची चर्चा अजून चालू आहे. शंभर प्रती बाईंनी घ्याव्यात असे या वेळी विचारायचे नाही, एवढे मी स्नेह्यांकडून कबूल करून घेतले. तो अडकणारा पैसा कुठून यायचा, या त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मी ओळखीच्या शिक्षकांची, जुन्या विद्यार्थ्यांची आणि दोन-तीन वाचनालयांची यादी करायला घेतली आहे. परवा बाईंनाही विचारले की तुमच्याकडची काही नावे घालू का. त्यांनी गल्लीतल्या मैत्रिणींची नावे सांगितली, एका निवृत्त परिचारिकेचे सांगितले, माहेरच्या एका भाच्याचे सांगितले. घरातले एकही सांगितले नाही. मुखपृष्ठावर नाव कसे घालायचे, हे अजून ठरायचे आहे.